घराजवळच्या उद्यानात फोटो काढताना या चुका टाळा

उद्यानात तासभर हिंडून, दीडशे-दोनशे फोटो काढून घरी यावे आणि त्यांतले चारसुद्धा ठेवावेसे वाटू नयेत, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. पहिली दोन वर्षे मी स्वतःही ती केली. अशा वेळी कॅमेऱ्याला बोल लावून नवी लेन्स घेण्याचे विचार सुरू होतात. माझ्या अनुभवात मात्र बहुतेक फोटो फसतात ते आपण चुकीच्या वेळी गेल्यामुळे आणि झाडांखालचा प्रकाश कसा वागतो हे ठाऊक नसल्यामुळे.

उशिरा पोहोचणे

पुण्यात मे महिन्याच्या अखेरीस सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, तर डिसेंबरच्या शेवटी सात वाजून जातात. रविवारी न्याहारी आटोपून साडेनऊला सारसबागेत पोहोचणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात डोक्यावर चढत चाललेले ऊन आणि तुडुंब गर्दीच मिळते. शिवाय महापालिकेची बरीच उद्याने सकाळ आणि संध्याकाळ अशा दोनच वेळांत उघडी असतात, त्यामुळे दुपारी गेल्यास बंद फाटकाचा फोटो काढून परतावे लागते. मुंबईकरांनी राणीच्या बागेला बुधवारी सुट्टी असते हे लक्षात ठेवावे. मी ते एकदा भायखळ्याला उतरल्यावर शिकलो.

लवकर जाणे जमत नसेल, तर ढगाळ दिवस निवडावा. जून ते सप्टेंबर या काळात उद्यानाकडे पाठ फिरवणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे, कारण त्या दिवसांत प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो, खोडांवर शेवाळ चढते आणि पानांवरची धूळ धुऊन निघते. याउलट कडक उन्हात झाडाखाली उभ्या केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पांढरे कवडसे पडतात, आणि ते नंतर कोणत्याही ॲपने नीट काढता येत नाहीत. त्या माणसाला चार पावले सरकवून पूर्ण सावलीत आणणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

गर्द सावलीत कॅमेऱ्यावर विसंबणे

कॅमेरा समोरच्या दृश्याचा उजेड मोजतो आणि त्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. एम्प्रेस गार्डनमधल्या जुन्या, दाट झाडांखाली बहुतेक चौकट काळोखी असल्याने तो फोटो गरजेपेक्षा उजळ करतो, आणि कडेला बसलेला बगळा पिसांचा तपशील हरवून नुसता पांढरा डाग होऊन बसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो अधिक उजळ किंवा गडद करण्याची कॅमेऱ्यातली अधिक-उण्याची पट्टी, उणे पाऊण ते एकपर्यंत खाली आणल्यास पिसे परत दिसू लागतात. मोबाइलवर बगळ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढली तरी तेच साधते. पानांतून गाळून आलेल्या प्रकाशामुळे चेहरे हिरवट, आजारी दिसत असतील, तर रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, फोटो काढून नंतर संपादनाच्या ॲपमध्ये टिंटची (हिरवट-किरमिजी छटेची) पट्टी किंचित किरमिजीकडे न्यावी.

पाण्यातल्या चकाकीशी भांडणे

सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन या बागेच्या धर्तीवर घडवलेले आहे. अशी बाग चालत पाहायची असते. वळणागणिक समोरचे चित्र बदलावे अशीच तिची आखणी असते. तरीही पुष्कळ लोक पहिल्या पुलाशी थांबतात, पाण्याचा एक फोटो काढतात आणि त्यात आभाळाची पांढरी चकाकी तेवढी येते. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांचा कोन करून पाहिल्यास ही चकाकी पोलरायझर फिल्टरने, म्हणजे लेन्सवर लावायच्या, परावर्तित प्रकाश अडवणाऱ्या फिरत्या काचेने, जवळजवळ पूर्ण कापता येते. फिल्टर सावकाश फिरवत राहावे. एका क्षणी वरचा पांढरा पडदा सरकतो आणि तळाचे दगड दिसू लागतात. मोबाइलवाल्यांनी पोलराइज्ड गॉगलची एक काच लेन्ससमोर धरून ती फिरवून पाहावी. हे करताना माणूस जरा विचित्र दिसतो, पण उपाय लागू पडतो. मात्र पुलाचे प्रतिबिंबच हवे असेल तर फिल्टर काढून ठेवावा, नाहीतर चकाकीबरोबर तेही जाते.

फुलाला फार जवळून भिडणे

मोबाइलची मुख्य लेन्स ठरावीक अंतराच्या आत फोकस करूच शकत नाही. फूल धूसर येत असेल तर आणखी पुढे न जाता वीतभर मागे यावे आणि दुप्पट झूम वापरावे. ताम्हणाच्या फुलावर हा प्रयोग करून पाहावा. त्याच्या चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या पाकळ्या खाली अरुंद देठावर तोललेल्या असतात, त्यामुळे जरा वारा आला तरी त्या थरथरतात. शटर स्पीड, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, 1/500 सेकंदापेक्षा मंद असेल तर पाकळ्यांची झालर पुसट येते. फुलोरा खालून वर उमलत जातो, म्हणून ताजा रंग हवा असल्यास वरच्या, नुकत्याच उघडलेल्या फुलांवर लक्ष ठेवावे. आपले हे राज्यफूल पाहायचे तर एप्रिल-मे गाठावा लागतो. बहाव्याचेही दिवस तेच, आणि पळस किंवा काटेसावर हवी असेल तर फेब्रुवारी-मार्च. डिसेंबरात जाऊन बहावा फुलला नाही म्हणून उद्यानाला नावे ठेवणारे भेटतात.

माणसांना गृहीत धरणे

एका उद्यानात मला ट्रायपॉड उघडताच शिट्टी वाजवून थांबवण्यात आले होते. हे नियम ठिकाणागणिक बदलतात, तेव्हा आत शिरतानाच फाटकावर विचारून घ्यावे. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि बाकांवर बसलेल्या जोडप्यांकडे लेन्स वळवूच नये.

एकदाच जाणे

उद्यान घराजवळ असण्याचा खरा फायदा नेमका इथेच वाया जातो. एक झाड निवडावे, त्याच्यासमोर उभे राहण्याची जागा ठरवावी आणि दर महिन्याला तिथूनच एक फोटो घ्यावा. माझी खूण पायवाटेवरची एक तुटकी फरशी होती. गेल्या पावसाळ्यात ती बदलली गेल्यापासून मी शेजारच्या दिव्याच्या खांबापासून तीन पावले मोजतो.