ड्रायव्हर ‘ठीक’ आहे म्हणजे नेमकं काय? अपघातानंतरच्या बातम्या वाचायची रीत

मी खेळ पानाच्या डेस्कवर काम करते. रेसिंगचे अपघात माझ्या वाट्याला बहुतेक वेळा पान सोडायच्या घाईतच येतात. २२ फेब्रुवारी २०१५ चा रविवारही तसाच होता. बार्सिलोनाच्या सर्किटवर चाचणी चालू असताना फॉर्म्युला वनचा (एफ-वन) ड्रायव्हर फर्नांडो अलोन्सो याची मॅक्लारेन संघाची गाडी तिसऱ्या वळणावर भिंतीवर गेली आणि त्याला हेलिकॉप्टरने हॉस्पिटलात हलवलं. पुढच्या काही दिवसांत वाट्टेल ते छापून आलं. गाडीतून विजेचा झटका बसला म्हणे. शुद्धीवर आल्यावर त्याला १९९५ साल चालू आहे असं वाटत होतं म्हणे. झटक्याची वावडी मीही छापली, मथळ्याला प्रश्नचिन्ह लावून. प्रश्नचिन्ह लावलं की आपण सुटलो, असं तेव्हा मला खरंच वाटायचं.

त्यानंतर अशा बातम्या वाचायची मी स्वतःपुरती एक रीत बसवली. रेस बघणाऱ्या कुणालाही ती जमेल.

आधी अपघाताचं कारण आणि डोक्याची दुखापत या दोन गोष्टी वेगळ्या काढा. कागदावर मधोमध रेघ मारली तरी चालेल. अलोन्सोच्या वेळी लोकांनी नेमकी इथेच खिचडी केली. डोक्याला मार आहे म्हणजे आधी काहीतरी भयंकर घडलं असणार, असं धरून सगळे कारण शोधत सुटले. मॅक्लारेनने जोराच्या वाऱ्याकडे बोट दाखवलं. महिनाभराने मलेशियात अलोन्सो स्वतः पत्रकारांसमोर बसला आणि म्हणाला, स्टिअरिंग अडकलं होतं. गाडीच्या नोंदींत तसं काही दिसत नाही, असं संघाचं म्हणणं. १९९५ ची गोष्ट त्याने साफ उडवून लावली. मधले काही तास आठवत नाहीत हे मात्र मान्य केलं, पण ते उपचारांत दिलेल्या औषधांमुळे, असं सांगितलं. आता यातलं खरं काय? बातमीत दोन्ही बाजू ज्याच्या त्याच्या नावावर लिहायच्या आणि थांबायचं. वारा असो की स्टिअरिंग, कन्कशन (डोकं हादरून मेंदूला बसलेला मार) किती दिवसांत उतरेल हे त्यावरून कळत नाही.

मग ‘ठीक आहे’ हे कोण म्हणतंय ते बघा. ड्रायव्हरला आपली सीट जायची भीती असते, त्यामुळे तो ठीकच असतो. संघप्रमुखाला प्रायोजक सांभाळायचे असतात. हॉस्पिटलचे डॉक्टर ‘जिवाला धोका नाही’ या अर्थाने ठीक म्हणतात. गाडीत बसायची परवानगी देणाऱ्या डॉक्टरांचं ‘ठीक’ या सगळ्यांपेक्षा वेगळं असतं, आणि आपल्याला हवं असतं ते तेच. अलोन्सोबद्दल ३ मार्चला आलेलं मॅक्लारेनचं पत्रक मी अजून नव्या मुलांना वाचायला देते. एकाच पत्रकात लिहिलंय की तपासण्यांत दुखापतीचा मागमूस नाही, तो पूर्ण तंदुरुस्त आहे. आणि खाली लिहिलंय की कन्कशन झालं होतं, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने तो मोसमाच्या पहिल्या, ऑस्ट्रेलियातल्या रेसमध्ये उतरणार नाही. पोरं म्हणतात, मॅडम, हे लपवाछपवी करतायत. तसं नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. पहिल्या कन्कशनमधून मेंदू सावरायच्या आत दुसरा फटका बसला, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. माणूस आज धडधाकट दिसतो म्हणून तो धोका टळत नाही. अलोन्सो एक रेस चुकवून २९ मार्चला मलेशियात परतला.

‘स्कॅन नॉर्मल’ हे शब्द दिसले की इथे जरा जास्त थांबा, कारण अफवांची मुळं बहुतेक इथेच असतात. सीटी स्कॅन करतात तो रक्तस्राव किंवा हाड मोडलंय का हे बघायला. कन्कशनमध्ये मेंदूचं काम बिघडतं, आणि ते या चित्रात सहसा दिसतच नाही. हे मला वाचून कळलं होतं, पटलं मात्र स्वतःवर बेतल्यावर. ऑफिसात खाली पडलेलं पेन उचलून झटक्यात उठले आणि फाइलींच्या कपाटाचं उघडं दार टाळूवर बसलं. शुद्ध गेली नाही, टेंगूळसुद्धा धड आलं नाही, स्कॅन स्वच्छ. तिसऱ्या दिवशी प्रूफ वाचायला बसले तर ओळ संपवून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नजर नेली की अक्षरं क्षणभर हलायची, मग स्थिरावायची. चार ओळी झाल्या की मळमळ. बोलताना, चालताना कुणाला काही कळायचं नाही. पानभर मजकूर एका दमात वाचायला मला पाच आठवडे लागले.

आता हाच घोटाळा ताशी ३०० किलोमीटरच्या गाडीत कल्पून बघा. त्या वेगात गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते. डोकं हादरत असताना नजर स्थिर ठेवायचं काम आतला कान आणि डोळे मिळून करतात, आणि कन्कशनमध्ये नेमकी तीच जोडी बिघडू शकते. नॅसकार या अमेरिकी रेसिंग मालिकेतल्या डेल अर्नहार्ट ज्युनियरचं २०१६ मध्ये हेच झालं. जूनमध्ये मिशिगनला आपटल्यावरही तो काही रेस चालवत राहिला. त्रास जुलैत वर आला, तोल आणि नजर दोन्ही बिघडले. त्या मोसमातल्या उरलेल्या १८ रेस त्याने सोडल्या. ‘आता संपला’ असं लिहिणारे कमी नव्हते. तो २०१७ च्या डेटोना ५०० या रेसला परतला, मग त्याच मोसमाअखेर पूर्णवेळ रेसिंगमधून निवृत्त झाला. दोन्ही बाजूंचे भविष्यवेत्ते अर्धेमुर्धे बरोबर ठरले.

‘जी’च्या, म्हणजे धक्का गुरुत्वाकर्षणाच्या किती पट होता त्या आकड्याला भुलू नका. एफ-वनचा मॅक्स वरस्टॅपेन २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनला ५१ जीने आदळला आणि दोन आठवड्यांनी हंगेरीत गाडी चालवत होता. आकडा सहसा गाडीला बसलेल्या धक्क्याचा असतो. डोकं किती फिरलं, किती वळलं, हे त्यात येत नाही. एफ-वनमध्ये धक्का ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गाडीवरचा वैद्यकीय दिवा लागतो. त्याचा अर्थ एवढाच, की या ड्रायव्हरला तपासायलाच हवं.

धडक ‘साधी दिसली’ म्हणूनही निष्कर्ष काढू नका. २०२२ मध्ये नॅसकारची नवी गाडी आली, तिचा मागचा भाग जास्तच कडक असल्याची ड्रायव्हरांची तक्रार होती. जुलैत पोकोनोला पात्रता फेरीत कर्ट बुश मागच्या बाजूने भिंतीवर गेला. सप्टेंबरमध्ये टेक्सासला अ‍ॅलेक्स बोमनही तसाच गेला, आणि त्याने तर रेस पूर्णही केली. बोमन पाच रेस चुकवून परतला. बुश नॅसकारच्या मुख्य मालिकेत पुन्हा कधीच उतरला नाही. टीव्हीवर दोन्ही धडका बघून कोणाचं काय होणार हे कुणीही सांगू शकलं नसतं.

म्हणून ‘किती आठवडे?’ हा प्रश्नच सोडा. ड्रायव्हर कोणत्या पायरीवर आहे ते विचारा. विश्रांती, हलका व्यायाम, मग जोराचा, मग गाडी, आणि प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. लक्षणं पुन्हा दिसली की एक पायरी खाली. मोसमाआधी ड्रायव्हरांची संगणकावर स्मरणशक्ती आणि प्रतिसादाची चाचणी घेऊन ठेवतात, आणि अपघातानंतर त्याच्याच जुन्या निकालाशी नवा ताडून बघतात. बातमीत या चाचणीचा उल्लेख असेल तर ती बातमी कामाची. ‘जवळच्या सूत्रांनुसार मूड चांगला आहे’ असं असेल तर खुशाल पुढे जा.

परवानगी मिळाली तरी घाई नको. एफ-वनचा सर्जिओ पेरेझ २०११ मध्ये मोनॅकोच्या पात्रता फेरीत बोगद्यातून बाहेर पडताना आपटला. कॅनडाच्या रेसआधी डॉक्टरांनी त्याला हिरवा कंदील दिला होता. शुक्रवारी पहिल्या सराव सत्रात तो गाडी घेऊन उतरला, परत आला आणि बरं वाटत नाही असं स्वतःच सांगितलं. त्याच्या साउबर संघाने त्याच्या जागी पेड्रो दे ला रोसाला बसवलं. म्हणून आमच्याकडे शुक्रवारचं पहिलं सत्र संपून ड्रायव्हर दुसऱ्या सत्राला गाडीत बसेपर्यंत ‘पुनरागमन’ हा शब्द मी मथळ्यात जाऊ देत नाही. तोवर जागा ‘सरावात सहभागी’ एवढ्यावरच भागवते. मथळा मिळमिळीत झाला म्हणून संपादक कुरकुरतात, तर कुरकुरू देत.