लॉच्या प्रवेशाची वाट पाहताना या चुका टाळा

एलएलबीची सीईटी झाली, स्कोअरकार्ड आलं, कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) अर्ज आणि फी दोन्ही भरून झालं. आता यादी लागेपर्यंत आपलं काही काम नाही असं समजून बरीच मुलं निर्धास्त होतात, आणि जागा हुकते ती याच दिवसांत. चांगला स्कोअर असलेलं नाव एका प्रमाणपत्रापायी खाली जावं, याची खरंच हळहळ वाटते, कारण हे सहज टाळता येतं.

अर्ज सबमिट झाला म्हणजे मंजूर झाला असं समजणं

सबमिट केल्यावर ई-स्क्रुटिनी, म्हणजे कागदपत्रांची ऑनलाइन तपासणी होते. कागदात त्रुटी निघाली की अर्ज तुमच्याच लॉगिनमध्ये परत येतो. एसएमएस येईल या भरवशावर राहू नका. मुदत संपेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन उघडून अर्जाची स्थिती बघा. नवा कागद अपलोड केला आणि पुन्हा सबमिट करायचं राहिलं, तर अर्ज तिथेच पडून राहतो. असं नेहमी होतं.

अर्ज परत येतो तो बहुतेक ठरावीक कारणांनी. टीसीचा स्कॅन कडेला कापला जातो, किंवा दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र मागच्या वर्षीचं असतं. 2025-26 च्या प्रवेशासाठी ते 31 मार्च 2026 पर्यंत वैध असायला हवं होतं. हाच हिशेब तुमच्या वर्षाला लावा. केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र राज्याच्या कॅपमध्ये चालत नाही, राज्याच्याच नमुन्यातलं लागतं. दाखला वेळेत नसेल तर अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो. त्यामुळे सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज आजच टाका आणि पावती जपून ठेवा. पावतीवर तात्पुरतं भागतं का आणि मूळ दाखला कधीपर्यंत द्यायचा, हे त्या वर्षीच्या सूचनेत लिहिलेलं असतं.

तीन वर्षांच्या एलएलबीसाठी पदवीला खुल्या प्रवर्गात 45, ओबीसीला 42 आणि एससी-एसटीला 40 टक्के लागतात. गुणपत्रिकेवर नुसता सीजीपीए (सरासरी ग्रेड गुण) असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र विद्यापीठाकडून आधीच आणून ठेवा. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल अडकला असेल तर कॉलेज आणि परीक्षा विभाग, दोन्हीकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी विचारपूस केल्याची नोंद कुठेच राहत नाही.

शिक्षण मध्य प्रदेशात छिंदवाडा-बालाघाटकडे आणि घर नागपुरात, अशी मुलं इथे बरीच आहेत. त्यांनी महाराष्ट्राचा उमेदवार कोणाला म्हटलंय ते माहितीपुस्तिकेत नीट वाचावं आणि डोमिसाइल (अधिवास दाखला) हाताशी ठेवावं.

पसंतीक्रम घाबरून भरणं

‘वरचं कॉलेज मिळणार नाही, मग मिळेल तेच पहिलं टाकू’ हा सल्ला घरोघरी दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. जागा मेरिटनुसार आणि तुमच्या यादीत वरून खाली बघत दिली जाते. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालच्या कॉलेजवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. उलट मिळण्याजोगं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि तेच मिळालं, तर वर सरकायला जागाच उरत नाही. ज्या कॉलेजात जायचंच नाही, ते मात्र यादीत टाकू नका.

नागपुरात नावाचाही घोळ होतो. लॉ कॉलेज चौकाजवळचं विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय वेगळं आणि दीक्षाभूमीचं डॉ. आंबेडकर महाविद्यालय वेगळं. नुसत्या नावावर जाऊ नका, कॉलेजचा कोड ताडून बघा. अभ्यासक्रम तीन वर्षांचा की पाच वर्षांचा, हेही तिथेच तपासा.

मागच्या वर्षीचा कटऑफ बघताना आपला प्रवर्ग आणि फेरी हीच ओळ वाचा. पहिल्या फेरीचा खुल्या प्रवर्गाचा आकडा बघून ओबीसीतल्या मुलाने हाय खाऊ नये.

जागा मिळाल्यावर ढिलाई

पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली की आधीची जागा सुटते. त्यामुळे हातातल्या जागेपेक्षा खरंच हवी असतील तीच कॉलेजं वर ठेवा. नागपूरजवळच्या वारंगा येथील एमएनएलयूसाठी (महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ) कॅप नसून क्लॅटचं, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचं, वेगळं समुपदेशन असतं. तिथल्या फ्रीझ (जागा कायम करणं), फ्लोट (जागा धरून वरच्या पसंतीची वाट बघणं), एक्झिट (बाहेर पडणं) यांच्या तारखा आणि फी निराळ्या. दोन्ही वेळापत्रकं एकाच कागदावर लिहून काढा.

कॉलेजात फी भरली की प्रवेश निश्चित झाल्याची ऑनलाइन पावती हातात घेतल्याशिवाय निघू नका. नुसती फीची पावती पुरत नाही.

तोवर सोय म्हणून बीकॉमला नाव घातलं असेल, तर तो प्रवेश रद्द करून टीसी काढायला किती दिवस लागतात ते त्या कॉलेजात आधीच विचारा. कॉलेजांनी मूळ गुणपत्रिका अडवून ठेवू नयेत, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे.

कॅपच्या सगळ्या फेऱ्यांत नाव आलं नाही तर संस्थास्तरीय फेरी उरते, पण तिथे कॅपचा अर्ज आपोआप जात नाही. प्रत्येक कॉलेजात वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि मुदत अगदी थोडी असते. प्रवेश व्यवस्थापन कोट्यातला असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणून फी भरण्याआधी जागा कोणत्या कोट्यातली आहे ते लेखी मागून घ्या.