गाडीच्या आउटलाइनमध्ये फोटो बसवताना

रॅपिंगच्या, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या छापील व्हिनाइलच्या (स्टिकरसारख्या प्लास्टिक फिल्मच्या) डिझाइनमध्ये आउटलाइनबाहेर गेलेला फोटो इरेझरने खोडत बसू नका. मास्क करा, म्हणजे बाहेरचा भाग न खोडता नुसता झाका; मग ग्राहकाने ‘म्हैस जरा पुढे घ्या’ म्हटलं की फोटो आतल्या आत सरकवता येतो.

इलस्ट्रेटरमध्ये दरवाजा, बोनेट, मागचा पत्रा असे तुकडे सुटे असतात. आधी ते सगळे निवडून कंट्रोल ८ दाबा. त्यांचा एकच कंपाउंड पाथ, म्हणजे एकच जोडलेला आकार होतो. तो फोटोच्या वर ठेवा, दोन्ही निवडा आणि कंट्रोल ७ दाबा, की मास्क झाला. पहिली पायरी विसरलात तर फोटो फक्त सगळ्यात वरच्या तुकड्यातच दिसेल. कोरलमध्ये कंट्रोल एलने तुकडे कंबाइन करा आणि फोटो त्यात पॉवरक्लिप करा; कोरलमधला मास्क तो हाच.

काचा, हँडल, दरवाजाच्या फटी यांचा वेगळा लेयर करून सर्वांत वर लॉक करून ठेवा. एका डेअरीच्या छोट्या हत्तीवर मी हा लेयर बंद ठेवूनच काम केलं होतं. मोबाइल नंबरातला एक आकडा नेमका हँडलखाली गेला आणि तो पूर्ण दरवाजा पुन्हा छापावा लागला.

आणि हे नक्की लक्षात ठेवा: मास्क ग्राहकाला दाखवण्यापुरता. छपाईला फाइल देताना तो सोडवा आणि फोटो कडेच्या बाहेर चारही बाजूंनी किमान १० सेंमी वाढलेला ठेवा. १:१० स्केलवर काम करत असाल तर १ सेंमी. टेम्प्लेट (गाडीची आउटलाइन) सपाट असतं, पत्रा गोलाईचा. व्हिनाइल कडेला दुमडायला तेवढं लागतंच.