बकलिंग स्प्रिंग कीबोर्ड: मराठी टाइप करणाऱ्यांनी कोणता घ्यावा, अमेरिकेतून कसा आणावा

आधी डावी शिफ्ट बघा. रंग, वजन, किंमत, सगळं त्यानंतर.

मी अंबाजोगाईत कोर्टाच्या कामाचं टायपिंग करते. दावे, शपथपत्रं, खरेदीखतं. दिवसभर बोटं इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या सरकारी कीबोर्ड रचनेवर. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. ख, घ, थ, ध, फ, भ शिफ्ट दाबून येतात. ळ आणि श सुद्धा. अक्षर उजव्या हातात, म्हणजे शिफ्ट डाव्या करंगळीवर. ‘खरेदीखत’, ‘शेतजमीन’, ‘भोगवटादार’ यातला प्रत्येक शब्द डाव्या शिफ्टनेच सुरू होतो. इंग्रजी टाइप करणाऱ्याला ही की वाक्याच्या सुरुवातीला लागते, आपल्याला ओळीत कितीदा तरी.

युरोपातल्या कीबोर्डांवर, म्हणजे आयएसओ रचनेत, डावी शिफ्ट आखूड असते आणि तिच्या व झेडच्या मध्ये एक जास्तीची की घुसवलेली असते. करंगळी नेमकी तिच्यावर पडते. म्हणून इंग्लंड-जर्मनीचा माल कितीही स्वस्त दिसला तरी सोडून द्या. आपल्याला अमेरिकन रचना हवी, एएनएसआय. लांब डावी शिफ्ट, आडवा एंटर. आपल्याकडचे कीबोर्डही याच रचनेचे असतात, त्यामुळे हात नव्याने बसवावा लागत नाही.

आता बकलिंग स्प्रिंग हा प्रकार मुळात काय आहे ते थोडक्यात. प्रत्येक कीखाली एक उभी स्प्रिंग असते. दाबत गेलं की ती एका क्षणी बाजूला वाकते आणि तळाची छोटी पट्टी झटक्यात हलवते. आवाज, बोटाला लागणारा ठोका आणि अक्षराची नोंद, तिन्ही एकाच क्षणी होतात. बोटाला कळलं म्हणजे अक्षर उमटलंच, तळापर्यंत ठोकायची गरज नाही. ही रचना आयबीएमच्या रिचर्ड हॅरिस यांची, १९७०च्या दशकातली. बँकांत आणि कोर्टांत आपण वर्षानुवर्षं पाहत आलो तो टीव्हीएस गोल्ड हा चांगलाच कीबोर्ड आहे, पण त्यात कीखाली चेरी कंपनीच्या धर्तीचे निळे स्विच असतात. तो क्लिक वेगळ्या भागातून येतो. टीव्हीएसवर समाधानी असाल तर एवढा खटाटोप करू नका. दिवसाला पानंच्या पानं काढत असाल आणि बोटांचे सांधे कुरकुरायला लागले असतील, तरच पुढचं वाचा.

बाजारात तीन वाटा आहेत. पहिली, जुना आयबीएम मॉडेल एम. हा १९८५पासूनचा. पाठीमागच्या लेबलवर पार्ट नंबर आणि बनवल्याची तारीख असते. अमेरिकन रचनेचा सगळ्यात सहज मिळणारा नंबर १३९१४०१. विक्रेत्याकडून या लेबलचा फोटो मागितल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका. १३९१४०३ जर्मन आणि १३९१४०६ इंग्लंडचा, दोन्ही आपल्या कामाचे नाहीत. मॉडेल एम२ दिसायला सुटसुटीत, पण त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) कालांतराने हमखास जातात. जुन्या एमचं खरं दुखणं आत आहे. स्प्रिंगांचा साचा आणि मागचा लोखंडी पत्रा प्लास्टिकच्या रिव्हेटांनी जोडलेला असतो, आणि त्या वयामुळे तुटतात. विक्रेत्याला कीबोर्ड हलवून व्हिडिओ काढायला सांगा. आत तुकडे खुळखुळले तर समजा रिव्हेट गेल्या. त्या जागी नट-बोल्ट बसवता येतात, पण सगळी स्प्रिंगं सुटी होतात. सवय नसलेल्याने हे काम अंगावर घेऊ नये.

शिवाय जुना एम पीएस-२ जोडणीचा, म्हणजे यूएसबीच्या आधीच्या गोल पिनेचा असतो. बाजारात मिळणारा साधा खुंटीवजा अडॅप्टर त्याला चालेलच असं नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, तोही या कीबोर्डला पुरेसा करंट देणारा. विंडोज की नसतेच. मराठी-इंग्रजी बदलायला ऑल्ट-शिफ्ट वापरलं की अडत नाही.

दुसरी वाट युनिकॉम्प. आयबीएमने कीबोर्डचा धंदा १९९१मध्ये लेक्समार्ककडे दिला, आणि १९९६पासून केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन गावात युनिकॉम्प तो चालवते आहे. त्यांचा २०२०चा न्यू मॉडेल एम थेट यूएसबीचा, विंडोज कीसकट. किंमत शंभर डॉलरच्या पुढे धरा, चालू आकडा त्यांच्या साइटवर बघा. नंबर पॅड नसलेला मिनी एमही मिळतो, पण ज्याला मूल्यांकनाचे आकडे आणि गट नंबर टाकायचे आहेत त्याने पूर्णच घ्यावा.

तिसरी, मॉडेल एफची नवी प्रतिकृती. एफ ही एमच्या आधीची पिढी, कपॅसिटिव्ह (की दाबल्याची नोंद विजेच्या भारातल्या बदलावरून घेणारी), दाबायला आणखी हलकी आणि खणखणीत. धातूची पेटी आणि किंमत कित्येक पटींनी जास्त. हौस म्हणून उत्तम, दुकानाच्या खर्चात बसणारी नाही.

माझं मत स्पष्ट आहे: कामासाठी युनिकॉम्प, नवा.

आणायचा कसा? थेट कुरिअरने मागवला तर सीमाशुल्क नुसत्या कीबोर्डवर लागत नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा यांची बेरीज धरतात, त्यावर शुल्क, आणि शुल्कासकट रकमेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. समजा कीबोर्ड १२० डॉलरचा आणि वाहतूक ६०, तर हिशेब १८० पासून सुरू. कीबोर्ड सीमाशुल्काच्या यादीतल्या ८४७१ या शीर्षकात येतो, पण खासगी वापराचं पार्सल ९८०४खाली धरलं तर दर वेगळा, आणि तो बजेटमध्ये बदलतो. म्हणून पैसे भरण्याआधी कुरिअर कंपनीला ईमेलने विचारा: कोणत्या शीर्षकात काढणार, हाताळणीचा आकार किती? उत्तर लेखी घ्या. ‘भेटवस्तू’ लिहून पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ती सवलत २०१९च्या डिसेंबरात गेली. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर वेगळी बंधनं आहेत, जुना एम पार्सलने मागवताना ती आडवी येऊ शकतात.

कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बहुधा बंद असतो, बँकेच्या ॲपमध्ये तो सुरू करा आणि काम झालं की बंद. केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागतात. शुल्क भरायची लिंक मेसेजमध्ये आली तर तिच्यावर बोट ठेवू नका; कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन ट्रॅकिंग नंबर टाका.

याहून चांगला रस्ता म्हणजे येणारं माणूस. लातूर-बीडकडची किती तरी पोरं पुण्यामार्गे अमेरिकेत गेली आहेत. दिवाळीला किंवा लग्नाला येणाऱ्या भाच्याला दोन महिने आधी सांगा, “बाळा, तुझ्या पत्त्यावर मागवते, उघडून प्रत्येक की दाबून बघ, मग आण.” बिघाड निघाला तर तिथल्या तिथे परत करता येतो. प्रवाशाला ठराविक रकमेपर्यंतच्या सामानावर शुल्क माफ असतं. बॅगेत दोनेक किलो आणि जवळपास अर्धा मीटर लांबी लागते. कपड्यांच्या मध्ये आडवा ठेवायला सांगा.

हातात आल्यावर एखादी की मऊ, बिनआवाजाची लागली तर घाबरू नका. स्प्रिंग नीट बसलेली नसते. कॅप, म्हणजे कीची वरची टोपी, सरळ वर ओढून काढा, कीबोर्ड उभा धरा, स्प्रिंग मधोमध आली की कॅप परत दाबा. उन्हाळ्यात आपल्याकडचा फुफाटा कीच्या फटीत जाऊन बसतो. कॅप काढून साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. अक्षरं प्लास्टिकमध्ये मुरवलेली असतात, घासून जात नाहीत. पेटी उघडायची वेळ आलीच तर साडेपाच मिलिमीटरचा, पातळ तोंडाचा नट ड्रायव्हर लागतो. जाड तोंडाचा त्या खोल भोकात शिरत नाही, घेताना दुकानदाराकडून तोंड बघून घ्या.