मलेरियाच्या गोळ्या चालू असताना कावीळ कशी ओळखायची
किनवटच्या डोंगरपट्ट्यात मी आशाताई आहे. व्हायव्हॅक्स मलेरियाला क्लोरोक्विन ३ दिवस, प्रायमाक्विन १४ दिवस. देण्याआधी मी विचारतेच: पूर्वी कावीळ झालती का, दारू, टीबीच्या गोळ्या? गरोदर बाईला प्रायमाक्विन नाहीच.

मग रोज सकाळी अंगणातल्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग बघा. पिवळा दिसला, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर प्रायमाक्विन थांबवा अन् त्याच दिवशी दवाखाना गाठा, गोळ्यांचं पाकीट घेऊनच. मलेरियानेही कावीळ होते, औषधाने लिव्हरला इजा होऊनही, प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटूनही. रक्त तपासल्याशिवाय फरक कळत नाही. तोवर काविळीचा झाडपाला देऊ नका, माय! त्यानेही लिव्हर बिघडू शकतं. पॅरासिटामॉल सांगितली तेवढीच. नुसती मळमळ असेल, तर जेवून गोळी घ्या. कोर्स सोडू नका.