ड्रोनचा पॉइंट क्लाउड रास्टरमध्ये आणताय? या चुका टाळा

मोहोळ तालुक्यातल्या एका पाझर तलावातून किती गाळ निघाला, एवढंच मला सांगायचं होतं. गाळ काढण्याआधीच्या पातळ्या जुन्या लेव्हलिंगच्या होत्या, नंतरच्या माझ्या ड्रोनच्या. पॉइंट क्लाउडचं, म्हणजे फोटोंवरून काढलेल्या असंख्य उंचीबिंदूंचं, रास्टर केलं, म्हणजे चौकोनी सेलचा उंचीनकाशा केला, आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हिलशेड, म्हणजे उजेड-सावली, लावली. पाळ, सांडवा, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, सगळं लख्ख दिसलं. मग वजाबाकी केली, तर तलावातून साठ-सत्तर मीटर खोल गाळ निघाला होता. एवढा उजनीतही निघायचा नाही!

सॉफ्टवेअरनं मात्र एकदाही कुरकुर केली नव्हती. या कामात तेच फसवं आहे. चुकीच्या आकड्यांचं रास्टरसुद्धा तितकंच देखणं दिसतं.

उंची कुठून मोजली?

सांडव्याजवळच्या बीएमवर, म्हणजे उंची कोरलेल्या बेंचमार्कच्या दगडावर, साडेचारशेच्या वरचा आकडा होता, माझं रास्टर तिथं चारशेच्याही खाली होतं. जीएनएसएस (जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा) देतं ती उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, बीएमवरची समुद्रसपाटीपासून. आपल्याकडे समुद्रसपाटीचा पृष्ठभाग, म्हणजे जिऑइड, या लंबगोलाच्या बराच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर तो शंभर मीटरहून जास्त खाली जातो. म्हणून आपल्या भागात ड्रोनची कच्ची उंची नेहमी कमी दिसते.

रास्टर करण्याआधीच क्लाउडला ईजीएम २००८सारखं जिऑइड मॉडेल लावा आणि मग एखाद्या बीएमवर ताळा घ्या. एकाच तलावापुरतं काम असेल तर एक ठरावीक आकडा मिळवूनही भागतं. पंधरा-वीस किलोमीटरच्या कालव्याला ही युक्ती वापरू नका, तेवढ्या अंतरात जिऑइडच बदलतो. दोन्ही वेळचं उड्डाण एकाच पद्धतीचं, त्याच कंट्रोल पॉइंटवर (जमिनीवरच्या मोजलेल्या खुणांवर) बांधलेलं असेल, तर घनफळाला याचा फरक पडत नाही, हेही खरं.

आडव्या बाजूचं थोडक्यात सांगतो. अख्खा सोलापूर जिल्हा यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो, सॉफ्टवेअरमधला त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. क्लाउड अक्षांश-रेखांशात असताना सेल ०.२५ दिलात, तर तो पाव अंशाचा होतो आणि एका चौकोनात पाच-पन्नास गावं बसतात. क्लाउडकम्पेअर हे पॉइंट क्लाउड बघायचं सॉफ्टवेअर फाइल उघडताना मोठे आकडे कमी करण्यासाठी ग्लोबल शिफ्ट विचारतं. तिथं घाईघाईत काहीतरी दाबलं आणि बाहेर काढताना तो शिफ्ट परत लागला नाही, की नकाशा भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो.

हा उसाचा शेंडा आहे, जमीन नाही

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. फोटोंवरून बनवलेल्या क्लाउडमध्ये कॅमेऱ्याला जे दिसलं तेवढंच असतं. लायडारचा लेझर किरण पानांच्या फटीतून खाली पोचू शकतो, फोटो पोचत नाही. उभ्या उसाचं रास्टर केलंत तर शेत दोन-तीन मीटर वर उचललेलं दिसेल आणि उताराच्या नकाशात पाणी उसाला वळसा घालून जाईल. एका शेतकऱ्यानं तो नकाशा बघून मला विचारलं होतं, ‘सायेब, आमच्या रानात भर कवा टाकली?’ मालदांडी ज्वारीचंही तेच. जमीन हवी असेल तर ज्वारी निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये उडवा. उसाच्या पट्ट्यात तेही जमत नाही. तिथं सरीच्या कडेनं रोव्हरनं, म्हणजे हातातल्या जीएनएसएस काठीनं, पॉइंट घ्यावे लागतात.

पीडीएल या पॉइंट क्लाउडच्या सॉफ्टवेअरमधलं एसएमआरएफ फिल्टर जमीन वेगळी काढतं, पण त्याचे ठरलेले आकडे डोळे झाकून घेऊ नका. विंडो, म्हणजे फिल्टर एका वेळी तपासतं तो तुकडा, १८ मीटरची असते. एमआयडीसीतली पन्नास-साठ मीटर रुंदीची शेड त्यापेक्षा मोठी, म्हणून शेडचं छप्परच जमीन ठरतं. विंडो शेडपेक्षा मोठी करा. उलट बाजूनं, थ्रेशोल्ड, म्हणजे जमिनीपासून किती वरचा पॉइंट चालेल ती मर्यादा, अर्ध्या मीटरचा असतो. त्यामुळे पाऊणएक मीटरचा शेताचा बांध ‘जमीन नाही’ म्हणून कापला जातो. मृदसंधारणाच्या कामात बांधच गेला तर उरलं काय? अशा वेळी मी बांधांच्या रेषा हातानं आखतो आणि त्या पट्ट्यातले पॉइंट पुन्हा २ क्रमांकाच्या, म्हणजे जमिनीच्या वर्गात टाकतो. हे कंटाळवाणं आहे, पण दुसरा चांगला रस्ता मला अजून सापडलेला नाही.

फोटोंच्या क्लाउडमध्ये रिटर्न नंबर (लायडारच्या किरणाचं कितवं परावर्तन ते) शून्य असेल तर हे फिल्टर तक्रार करतं. रिटर्न नंबर आणि एकूण रिटर्न, दोन्हींना आधी १ द्या.

सेलचा हव्यास

एक चौरस किलोमीटरला ५ सेंटिमीटरचा सेल म्हणजे ४० कोटी सेल, ३२ बिट दशांशातली फाइल १.६ जीबीची. २५ सेंटिमीटरला तीच ६४ एमबीत मावते. पॉइंटमधलं सरासरी अंतर १० सेंटिमीटर असेल, तर २० ते ३०चा सेल घ्या. त्याहून बारीक सेल म्हणजे नुसती अंदाजानं भरलेली भोकं.

पाण्यावरची भोकं तर अशी अंदाजानं भरूच नका. सिद्धेश्वर तलावासारख्या चकाकत्या पाण्यावर फोटो जुळत नाहीत. तिथं एकतर भोक पडतं, नाहीतर खड्डे आणि सुळके उगवतात. काठावरची पातळी घ्या, पाण्याचा पॉलिगॉन आखा आणि आत तोच एक आकडा भरा.

बारीकसारीक

पीडीएलला काही सांगितलं नाही तर ते एकाच रास्टरमध्ये सहा बँड, म्हणजे सहा थर, लिहितं: किमान, कमाल, सरासरी, आयडीडब्ल्यू (जवळच्या पॉइंटला जास्त वजन देणारी सरासरी), मोजणी, प्रमाण विचलन. पहिला बँड किमानचा. बरेच जण तोच उघडून ‘उंची कमी येतेय’ म्हणतात.

रिकाम्या सेलमध्ये –९९९९ असतं. तो नोडेटा, म्हणजे ‘इथं माहिती नाही’, आहे हे फाइलमध्ये नोंदलेलं नसेल, तर रीसॅम्पलिंग केल्यावर (सेलचा आकार बदलल्यावर) कडेला उणे चार-पाच हजार मीटरच्या दऱ्या तयार होतात.

मुरमाच्या खाणीची जूनची आणि ऑक्टोबरची रास्टर वजा करायची असतील, तर दोन्हींचा आरंभबिंदू, रुंदी आणि उंची (म्हणजे आडवे आणि उभे सेल किती) एकच द्या. सेल अर्ध्यानं सरकले तरी उभ्या कडांवर खोटं घनफळ उगवतं.

क्यूजीआयएसमधून सेव्ह करताना रॉ डेटा निवडा. रेंडर्ड इमेज निवडलंत तर उंची जाते आणि रंगांचे ० ते २५५ आकडे उरतात. मला एकदा अशी फाइल आली होती. ज्यानं पाठवली त्याचं म्हणणं, गावातली सगळ्यात उंच जागा बरोबर २५५ मीटरवर आहे.