कॉमिक्स लिहून करता काय दिवसभर?

कॉमिक्स लिहितो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे चित्रं तुम्ही काढता?" नाही म्हटलं की दुसरा: "मग तुम्ही करता काय?" लग्नकार्यात भेटलेल्या काकांना मी हल्ली "फुग्यांतलं लिहितो" एवढंच सांगतो आणि जिलबीकडे वळतो. पण या कामात येऊ बघणारी पोरं हाच प्रश्न विचारतात तेव्हा असं टाळून चालत नाही. कारण फुग्यांतले संवाद हा या कामाचा सगळ्यात लहान भाग आहे.

गोष्ट सलग घडत असते. कॉमिक्सला सलग काही दाखवता येत नाही. पानावर चार, पाच, फार तर सहा पॅनल, म्हणजे चौकटी, बसतात आणि प्रत्येक पॅनलमध्ये एक थांबलेला क्षण. कुठला क्षण थांबवायचा आणि कुठला वाचकाच्या डोक्यावर सोपवायचा, हे लेखक ठरवतो. माझा दिवस, टीव्ही आणि मॅच बघणं धरून, याच एका सरावात जातो. घरच्यांच्या मते तो रिकामटेकडेपणा आहे, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही.

उदाहरणाला हिरकणी घेऊ. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्य मावळताच बंद झालेला दरवाजा, घरी तान्हं बाळ, आणि रात्रीच्या अंधारात उतरलेला कडा. ही दोन पानांत सांगायची म्हटली की नवी मंडळी साधारण असं लिहून आणतात: पॅनल १, हिरकणी गड चढते. पॅनल २, दूध घालते. पॅनल ३, तिला उशीर होतो. पॅनल ४, ती धावत दरवाज्याशी येते. पॅनल ५, पहारेकऱ्याला विनवते. असं करत करत कडा येईपर्यंत दुसरं पान संपतं आणि कड्याला उरतो एक कोपरा. मी ते असं लिहीन:

पान १ (उजव्या हाताचं), शेवटचं पॅनल, पानभर रुंद. बंद दरवाजा. त्याच्यासमोर हिरकणी, पाठमोरी. पहारेकरी दिसत नाही, चौकटीच्या कडेला फक्त त्याचा भाला. भाल्याच्या बाजूनं फुगा: "आता पहाटेच उघडंल, बाई."

पान २, अख्ख्या पानाचं एकच चित्र. कड्याच्या टोकाशी आडवी पडलेली रिकामी चरवी, आपल्याला अगदी जवळ. खाली, फार खाली, कड्याला चिकटलेली हिरकणी, बोटाएवढी. शब्द नाहीत.

तिनं ठरवलं कधी, रडली का, बाळाचं नाव काढलं का, यातलं काहीच मी दाखवलेलं नाही. ते पान उलटताना वाचक करतो. पान १ उजवीकडचं असणं म्हणूनच महत्त्वाचं. तेच चित्र शेजारच्या पानावर आलं तर नजर आधीच तिकडे जाते आणि दरवाज्याचा दम निघून जातो. संहिता लिहायला बसलं की आधी कोऱ्या कागदावर डाव्या-उजव्या पानांच्या जोड्या आखायच्या, मगच पुढे.

आता ही संहिता चित्रकाराकडे गेली की रात्री साडेदहाला फोन येतो. "चरवी पितळेची काढू की मडकं? चंद्र आहे का? असला तर कुठल्या अंगाला?" काही जण ही गोष्ट कोजागिरीच्या रात्रीची म्हणून सांगतात. तसं धरलं तर चांदणं हवं, चांदणं असेल तर तिची सावली कड्यावर पडणार, आणि मग ती बोटाएवढी बाई दिसेल तरी. अंधारी रात्र धरली तर चित्र दुसरंच होतं. हे लेखकानं ठरवून लिहायचं असतं. "रात्रीची वेळ" असं लिहून मोकळं झालेल्या लेखकाला चित्रकार मनातल्या मनात काय म्हणतात ते इथे छापण्यासारखं नाही. आमच्या एका चित्रकार मित्राचा नवोदितांना ठरलेला टोला आहे: "एका पॅनलमध्ये हा दार उघडतो, चपला काढतो आणि रडायला लागतो. तिन्ही कसं काढू? तीन हिरो काढू का?" पॅनलचं वर्णन लिहून झालं की त्यातली क्रियापदं मोजा. एकापेक्षा जास्त निघाली की कात्री लावा.

संहिता वाचणारा माणूस एकच असतो, तो चित्रकार. वाचकापर्यंत तुमचं वर्णन पोचतच नाही, त्यामुळे तिथे भाषेचा फुलोरा नको. "विषण्ण सायंकाळ दाटून आली होती" यापेक्षा "दिवे लागलेले, पाऊस थांबलेला, रस्ता ओला" हे त्याच्या कामाचं.

आता आवडीनिवडींकडे. "तुम्ही सगळे मार्व्हलचे सिनेमे बघत असाल ना?" बघतो. पॉपकॉर्न खातो. पण सुपरहिरोंच्या सिनेमांचा कॉमिक्स लेखकाला सगळ्यात कमी उपयोग, असं माझं मत झालंय. तिथे सगळं हलतं, आणि आपलं काम न हलणाऱ्या चित्रांचं. त्यापेक्षा क्रिकेट बघा.

२०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल आठवा. शेवटची ओव्हर, १६ धावा हव्यात, हार्दिकचा पहिला चेंडू, मिलरचा फटका आणि सीमारेषेवर सूर्यकुमार. त्यानं चेंडू पकडला, तोल रेषेपलीकडे जातोय म्हणून आत उडवला, बाहेर पाऊल टाकलं, परत आत येऊन पकडला. हा कॅच किती पॅनलचा? कार्यशाळेत मी हे विचारतो तेव्हा बहुतेक जण सहा-सात पॅनल मागतात. मी तीन देतो. पहिलं: चेंडू हातात, पाय दोरीच्या अलीकडे, शरीर पलीकडे कललेलं. दुसरं: हवेत नुसता चेंडू, मागे धूसर झालेलं स्टेडियम, माणूस नाही. तिसरं: दोन्ही हातांत चेंडू. मधल्या चित्रात कुणीच नसल्यामुळे वाचकाचा श्वास तिथे अडकतो. टीव्हीनं तो कॅच वीस कोनांतून दाखवला, पण हवेतला तो एकटा चेंडू मला तरी कधी दिसला नाही.

मालिकाही बघतो, आवाज बंद करून. सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आपटतो, मग सुनेच्या, मग दारात उभ्या असलेल्या कुणाच्या तरी. आवाज नसताना गोष्ट कळली तर दिग्दर्शकानं काम केलंय. बहुतेक वेळा कळत नाही, आणि का कळली नाही हे शोधण्यात मजा असते.

मांगा (जपानी कॉमिक्स) आणि ॲनिमे (जपानी कार्टून) यांबद्दल नव्या मुलांना मी काय सांगणार, तीच मला सांगतात. एवढंच म्हणेन की मोबाइलवर खाली सरकवत वाचण्यापेक्षा एखादा खंड हातात घेऊन वाचा. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे जातं, त्यामुळे पान उलटण्याआधीचा शेवटचा क्षण डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येतो. त्या कोपऱ्यात ते काय ठेवतात ते बघत गेलात तर दोन-चार खंडांत बरंच शिकाल.

आणि हे तंत्र शिकायला जपानलाच जायला हवं असं नाही. 'आवाज' दिवाळी अंकातल्या खिडक्या ज्यांनी बघितल्यात त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पानाला पडलेल्या खिडकीतून काहीतरी भलतंच चावट दिसायचं, पान उलटलं की अगदी सोज्ज्वळ निघायचं. घरातली मोठी माणसं तो अंक वरच्या फळीवर का ठेवायची हा वेगळा विषय. पण अर्धं दाखवून उरलेलं वाचकाला रचायला लावायचं, आणि मग त्याचीच फजिती करायची, हे मराठी वाचकाला त्या खिडक्यांनी केव्हाच शिकवलं होतं.

त्याहून जुनी गोष्ट कुडाळजवळच्या पिंगुळीची. ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातल्या कथांची चित्रं एकेक करून समोर धरतात आणि वीणा-टाळ-हुडुक्याच्या साथीनं कथा गातात. त्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ चा पद्मश्री मिळाला आणि त्यांच्या घरच्यांनी पिंगुळीत उभं केलेलं संग्रहालय बघता येतं. कोकणात गेलात तर मालवणचे मासे खाऊन झाल्यावर एक दिवस तिकडे काढा. तिथे नजर ठेवायची ती चित्र बदलतं त्या क्षणावर: गाणं कुठे थांबतं, पुढचं चित्र कधी वर येतं, मधे किती वेळ नुसता टाळ वाजतो. आपल्या दोन पॅनलमधली ती पांढरी पट्टी आहे ना, ती तिथे कानाला ऐकू येते.

जुनी कॉमिक्स वाचायचीच. टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्सनं १९६४ मध्ये वेताळाला (म्हणजे फँटमला) आणलं, पुढे तो मराठीतही आला. तिथे काम केलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली. तिच्या आणि १९८० च्या 'टिंकल'च्या पानांवर राम वाईरकर, प्रताप मुळीक, वसंत हळबे, दिलीप कदम अशी आपली माणसं राबली आहेत. रद्दीच्या दुकानात हे अंक अजून सापडतात, फक्त दुकानदाराला आता त्यांची किंमत कळलेली असते. 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवलेत, ते चाळा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून 'सकाळ'मध्ये यायला लागला. त्याची एखादी पट्टी घ्या, शेवटचं पॅनल हातानं झाका आणि स्वतः लिहून बघा. पंधरा-वीस पट्ट्यांनंतर आपण विनोद समजावून सांगतोय की करतोय हे आपलं आपल्याला दिसायला लागतं.

दिवसाचं वेळापत्रक फारसं रोमांचक नाही. सकाळी नळाला पाणी असतं तेव्हा घरकाम, मग दुपारच्या जेवणापर्यंत संहिता. दुपारी पोटापाण्याचं काम: कार्टूनच्या डबिंगचे संवाद, जाहिरातीची भाषांतरं, एखाद्या संस्थेसाठी डेंग्यू किंवा सायबर फसवणुकीवरची माहितीपत्रिका चित्रकथेत बसवणं. ही शेवटची कामं कमी लेखू नका. मराठीत निव्वळ कॉमिक्स लिहून घर चालवणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय. संध्याकाळी चित्रकाराचे थंबनेल येतात, म्हणजे काडीपैलवानांची कच्ची पानं. बदल सांगायची वेळ हीच. रंग भरून झाल्यावर "जरा कॅमेरा खाली घेता येईल का दादा?" विचारणाऱ्याशी पुढचं पुस्तक कुणी करत नाही.

लेटरिंगचं, म्हणजे फुग्यांत अक्षरं बसवण्याचं, दुखणं मराठीत वेगळं आहे. वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं आणि तेवढ्याच फुग्यात मजकूर कमी मावतो. शिवाय "समजावण्यासाठीसुद्धा" असला लांबलचक शब्द अरुंद फुग्यात एका ओळीत बसत नाही आणि तोडला तर भयाण दिसतो. मी एका फुग्यात पंधरा-सोळा शब्दांच्या वर जात नाही आणि शब्द आखूड निवडतो. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचं सेटिंग चालू नसेल तर 'कि'ची वेलांटी 'क'च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून मजकूर बदलून घेतला असेल तर रफार आणि 'ऱ्या' आधी तपासा. छपाईला जाण्यापूर्वीचं शेवटचं प्रूफ लेखकानं बघायचंच, कुणी दिलं नाही तर मागून घ्यायचं. धाडकन, खळ्ळकन, सर्रर्र हे आवाज मात्र टाइप करायला देऊ नका. ते चित्रकारानं चित्रात रेखाटायचे, संहितेत फक्त कुठे आणि किती मोठे ते लिहा.

पैशाचं बोलणं पानाच्या दरानं होतं. दर ठरवतानाच आगाऊ किती, संहिता मंजूर झाल्यावर किती आणि काम मधेच बंद पडलं तर किती, हे मेलवर लिहून घ्या. एका प्रकाशकाकडे माझी मंजूर झालेली संहिता चित्रकार मिळेना म्हणून पडून राहिली. छापल्यावर पैसे असं ठरलेलं होतं, आणि ते छापलंच गेलं नाही.

करार वाचायचा कंटाळा करू नका. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं सहसा मालकाचं होतं, पण फ्रीलान्स लिहिलेल्या संहितेचा हक्क तुम्ही लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडून जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच छापील करारात "कायमस्वरूपी" आणि "जगभर" हे दोन शब्द पहिल्याच परिच्छेदात असतात. ते खोडायला सांगितलं की प्रत्येक वेळी ऐकतातच असं नाही, पण निदान पात्रांवरून पुढे मालिका किंवा खेळ निघाला तर तुमचा वाटा किती, एवढं एक वाक्य घालून घेता येतं. चित्रकाराबरोबर स्वतःच पुस्तक काढणार असाल तर हाच कागद आपसातही करा, दोस्ती कितीही जुनी असली तरी.

सुरुवात चार पानांच्या गोष्टीनं करा. चार पानांसाठी चित्रकार मिळतो, शंभर पानांची महागाथा घेऊन गेलात तर तो चहा पाजतो आणि कामात असल्याचं सांगतो. ती चार पानं पूर्ण रंगवून, लेटरिंगसकट तयार झाली की कॉमिक कॉनच्या, म्हणजे कॉमिक्सच्या मेळ्याच्या, टेबलांवर नुसतं फिरायला जातानाही हातात असू द्या. संपादक संहिता तिथे उभ्याउभ्या वाचत नाहीत, चार पानं मात्र उलटून बघतात.